इन्ट्रोस्पेक्शन म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला इंग्रजीचे क्लास घेते. सकाळी अकरावी-बारावीची पोरं असतात, त्यातली निम्मी नीटवाली, आणि संध्याकाळी बँकेच्या नाहीतर एमपीएससीच्या इंटरव्ह्यूची तयारी करणारे. इंग्रजीचे कितीतरी शब्द शिकवून झाले पण इन्ट्रोस्पेक्शन ह्या एका शब्दावर जेवढे प्रश्न आले तेवढे दुसऱ्या कुठल्याच शब्दावर आले नाहीत, व्हॉट्सअपवर तर अजूनही येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबलीत.

मॅडम, एका वाक्यात सांगा, अर्थ काय?

आपल्या मनात आत्ता काय चाललंय ते आपणच लक्ष देऊन बघणं. विचार, भावना, भीती, हाव, राग, जे काही असेल ते. एवढंच.

पण डिक्शनरीत तर आत्मपरीक्षण दिलंय, मग तेच लिहू ना?

लिहा, चुकीचं नाहीये. आत्मपरीक्षण, आत्मनिरीक्षण, अंतर्निरीक्षण, आत्मचिंतन हे चारी शब्द मराठीत ह्याच्यासाठी वापरले जातात, पुस्तकात मानसशास्त्रवाले अंतर्निरीक्षण किंवा आत्मनिरीक्षण लिहितात आणि पेपरवाले आत्मपरीक्षण. पण मला ह्या आत्मपरीक्षणाबद्दल जरा सविस्तर बोलायचंय, कारण ह्याच शब्दानं माझ्या हातून एक चूक झालेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका टेस्टचे मार्क फार खराब आले, आख्ख्या बॅचचेच. मी पोरांना म्हटलं, घरी जा, रूमवर जा, शांत बसा आणि इन्ट्रोस्पेक्शन करा, म्हणजे आत्मपरीक्षण, आणि वहीत दोन पानं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. पन्नास-साठ वह्या, मी भराभर लाल पेननं सही करत गेले, कुठं 'गुड' कुठं 'व्हेरी गुड'. गंगाखेडकडची एक पोरगी होती, हॉस्टेलला राहायची, तिच्या वहीवर पण 'गुड' लिहिलं. रात्री काहीतरी शोधताना तीच वही परत हातात आली आणि मी नीट वाचली. दोन पानं भरून एकच होतं, मी आळशी आहे, मी नालायक आहे, माझ्यामुळं बाबांचे पैसे वाया गेले, माझी लायकी नाही. तिला पेपरच्या वेळी काय झालं, कुठं अडलं, त्या आठवड्यात ती झोपली होती का, जेवली होती का, घरचा फोन आल्यावर पोटात काय व्हायचं, ह्यातलं एक अक्षर नव्हतं. तिनं स्वतःकडं बघितलंच नव्हतं, तिनं स्वतःला नापास केलं होतं आणि त्याच्यावर मी लाल पेननं 'गुड' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी बोलले, बरंच बोलले, पण ते इथं लिहिणार नाही. शब्दाचं मात्र सांगते. आत्मपरीक्षण ऐकलं की आपल्या पोरांना त्यातली 'परीक्षा' ऐकू येते. आमचं शहर तर परीक्षेवरच चालतं, लातूर पॅटर्न म्हणून आख्ख्या महाराष्ट्रातली पोरं इथं येतात, इथल्या पोराला परीक्षा म्हटलं की मार्क दिसणार, रँक दिसणार, कुणीतरी तपासणारं दिसणार. आणि घरात सुद्धा हा शब्द कधी निघतो? पोरगं हरलं की. 'जरा आत्मपरीक्षण कर' ह्याचा घरातला अर्थ 'चूक तुझीच आहे, कबूल कर' असाच असतो. पोरगं पहिलं आल्यावर त्याला कुणी आत्मपरीक्षण कर म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

इन्ट्रोस्पेक्शन ह्या शब्दात मात्र निकाल नाहीये, नुसतं बघणं आहे.

म्हणजे मराठी शब्दच खराब आहे का?

अजिबात नाही! उलट मूळ बघितलं तर आपला शब्द पण तेच सांगतो. परीक्षा म्हणजे परि अधिक ईक्षा. ईक्ष् म्हणजे बघणं, परि म्हणजे चारी बाजूंनी. चारी बाजूंनी नीट बघणं ती परीक्षा. मार्काचं आपण नंतर चिकटवलं. निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा ही सगळी त्याच ईक्ष्‌ची लेकरं आहेत, सगळ्यांच्या पोटात 'बघणं' आहे, वाट बघणं म्हणजे प्रतीक्षा, आणि बघून न बघितल्यासारखं करणं म्हणजे उपेक्षा. हे पोरांना सांगितलं की त्यांचे चेहरे बदलतात, परीक्षा ह्या शब्दाची भीती थोडी तरी कमी होते. म्हणून मी आत्मपरीक्षण शब्द टाकून द्या म्हणत नाही, त्यातलं 'ईक्षण' परत ऐकायला शिका म्हणते.

इंग्रजी शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. इन्ट्रो म्हणजे आत, स्पेकेरे म्हणजे बघणं. आत बघणं. इंग्रजीत हा सतराव्या शतकात आला. ह्या 'स्पेक'चं खानदान खूप मोठं आहे आणि एकदा कळलं की स्पेलिंग आणि अर्थ दोन्ही आपोआप पाठ होतात. इन्स्पेक्ट म्हणजे आत घुसून बघणं, तपासणी. स्पेक्टेटर म्हणजे बघ्या. रिट्रोस्पेक्ट म्हणजे मागं वळून बघणं. प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढं बघणं. सस्पेक्ट म्हणजे खालून, चोरून बघणं, म्हणून संशय. रिस्पेक्ट म्हणजे परत वळून बघणं, ज्याच्याकडं परत बघावंसं वाटतं त्याचा मान. आणि एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर नजर लावून बसणं, आपल्या अपेक्षामध्ये पण तेच ईक्ष् बसलेलं आहे बघा, दोन्ही भाषांनी आस लावण्याला 'बघणं' म्हटलं.

अजून एक गंमत. भाषेचा अभ्यास करणारे म्हणतात की लॅटिनचं 'स्पेक' आणि संस्कृतचं 'पश्य' एकाच जुन्या मुळातून आलेत. संस्कृतात 'स' गळाला आणि 'पश्यति' राहिलं, पण गुप्तहेराला संस्कृतात 'स्पश' म्हणतात तिथं तो 'स' टिकून आहे, आणि इंग्रजीतला स्पाय पण त्याच घरचा. म्हणजे इन्ट्रोस्पेक्शन हा शब्द आपल्याला वाटतो तेवढा परका नाही, लांबचं नातं आहे.

उच्चार कसा करायचा? स्पेलिंगमध्ये गोंधळ होतो.

इन्‌-ट्र-स्पेक्‌-शन. जोर 'स्पेक' वर. 'ट्रो' जास्त ओढू नका, हलकं म्हणा, पण अगदी स्पष्ट 'ट्रो' म्हटलं तरी चुकत नाही, ब्रिटिश लोक तसंही म्हणतात. स्पेलिंगमध्ये पोरं शेवटी 'एस-आय-ओ-एन' लिहितात, ते चूक, 'सी-टी-आय-ओ-एन' आहे, इन्स्पेक्शनसारखं. आणि 'इन्ट्रा' नाही, 'इन्ट्रो'.

वाक्यात कसा वापरू?

नाम म्हणून इन्ट्रोस्पेक्शन, विशेषण इन्ट्रोस्पेक्टिव्ह, क्रियापद इन्ट्रोस्पेक्ट. तिन्ही बरोबर आहेत पण तिन्हींचा चलनी भाव वेगळा आहे.

नाम सगळ्यात जास्त वापरतात आणि बहुतेक वेळा एकवचनीच, पाण्यासारखं, मोजायचं नाही. 'आफ्टर अ पीरियड ऑफ इन्ट्रोस्पेक्शन, शी लेफ्ट द जॉब.' 'अ मोमेंट ऑफ इन्ट्रोस्पेक्शन.' 'डीप इन्ट्रोस्पेक्शन.' 'अॅन इन्ट्रोस्पेक्शन' असं लिहू नका, कानाला खटकतं. विशेषण माणसाला, मूडला, कवितेला, पत्राला लागतं, 'ही वॉज इन अॅन इन्ट्रोस्पेक्टिव्ह मूड.' इथं 'अॅन' चालतं कारण ते मूडला लागलंय.

क्रियापदाची गोष्ट वेगळी. 'वी शुड इन्ट्रोस्पेक्ट' हे आपल्या भारतात इतकं चालतं की रोज पेपरात असतं, पण इंग्लंड-अमेरिकेतला माणूस बोलताना हे क्रियापद क्वचित वापरतो. डिक्शनरीत आहे, चूक नाही. तिकडं लोक म्हणतील 'डू सम सोल-सर्चिंग' किंवा 'लुक इनवर्ड'. परीक्षेत निबंध लिहीत असाल तर ह्यातलं एखादं वापरा, भाषा मोकळी वाटते. आणि इन्ट्रोस्पेक्टच्या पुढं काय येतं हे पण विचारतात, 'ऑन' किंवा 'अबाउट', म्हणजे 'इन्ट्रोस्पेक्ट ऑन अवर चॉइसेस'.

सेल्फ-इन्ट्रोस्पेक्शन म्हटलं तर चालतं का?

नको. आत बघणं म्हणजे स्वतःच्याच आत, दुसऱ्याच्या आत कोण बघणार. आपण 'पिवळा पितांबर' म्हणतो तसं आहे ते, एकदाच सांगायचं ते दोनदा. 'इन्ट्रोस्पेक्ट युवरसेल्फ' पण त्याच कारणानं नको. नुसतं इन्ट्रोस्पेक्शन पुरे.

निवडणुकीनंतर पार्टीवाले इन्ट्रोस्पेक्शन करू म्हणतात ते काय?

ते म्हणजे चिंतन बैठक. हरल्यावरच होते हे तुमच्या लक्षात आलं असेल. शब्दाचा वापर म्हणून बरोबर आहे, इंग्रजीत संस्थेला, देशाला, टीमला पण हा शब्द लावतात, 'द टीम नीड्स टु इन्ट्रोस्पेक्ट'. पण एका माणसाच्या मनाची जी गोष्ट आहे ती पन्नास लोकांच्या मीटिंगला लावली की तिचा अर्थ 'का हरलो ते शोधणं' एवढाच उरतो. आपल्या पोरांच्या कानावर हा शब्द पहिल्यांदा बातम्यांतूनच पडतो, त्यामुळंही हरणं आणि इन्ट्रोस्पेक्शन ह्यांची गाठ पक्की बसलीय.

मी इन्ट्रोव्हर्ट आहे, म्हणजे मी इन्ट्रोस्पेक्टिव्ह आहे ना?

तसं काही नाही. इन्ट्रोव्हर्ट म्हणजे आत वळलेला, 'व्हर्ट' म्हणजे वळणं. हा शब्द कार्ल युंग नावाच्या स्विस डॉक्टरमुळं पसरला, १९२१ च्या आसपास. गर्दीत दमणारा, एकट्यात बरं वाटणारा माणूस. पण एकटा बसलेला माणूस आत बघतच असेल असं कुठंय, तो मोबाईल बघत असेल. आणि माझी एक मावशी आहे, एसटीत बसली तर परभणी येईपर्यंत आख्ख्या गाडीशी ओळख करून घेते, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात कुणाला काय लागलं असेल, आपण असं का बोललो, हे तिला बरोबर दिसतं. ती एक्स्ट्रोव्हर्ट आहे आणि इन्ट्रोस्पेक्टिव्ह पण आहे.

मॅडम, मी तर रात्रंदिवस विचारच करूलालोय, म्हंजे माझं इन्ट्रोस्पेक्शन लई चाललंय की!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण ह्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं.

इंग्रजीत त्याला दुसरा शब्द आहे, रुमिनेशन. हा लॅटिनमधला रवंथ करण्याचा शब्द आहे, अगदी आपला रवंथच, गाय-म्हैस बसल्याजागी चघळत असते तो. फरक एवढाच की म्हशीचा रवंथ पचतो, दूध होतं, माणसाचा हा रवंथ पचत नाही. 'मी तसं का केलं, माझंच असं का होतं, लोक काय म्हणत असतील', आणि परत पहिल्यापासून. सुझन नोलन-होक्सेमा नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी अनेक वर्षं ह्याच गोष्टीवर संशोधन केलं आणि दाखवलं की उदास असताना असं चघळत बसलं की उदासी कमी होत नाही, वाढते आणि लांबते.

ओळखायचं कसं ते मी पोरांना असं सांगते. वीस मिनिटं बसलास आणि तुला एखादी नवी गोष्ट दिसली, अगदी छोटी, 'अरे मला गणिताची नाही, गणिताच्या सरांची भीती वाटते' एवढी जरी, तर ते इन्ट्रोस्पेक्शन. वीस मिनिटं झाली आणि कालचीच वाक्यं कालच्याच क्रमानं परत आली तर तो रवंथ, उठ, तोंड धू, कुणाशी तरी बोल, मैदानावर जाऊन ये.

आणि हे विचार थांबतच नसतील, झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर कृपा करून एकट्यानं इन्ट्रोस्पेक्शन करत बसू नका. ती वेळ आत बघायची नाही, माणूस गाठायची आहे. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण लागते. हॉस्टेलच्या पोरांनी हा नंबर मोबाईलमध्ये सेव्हच करून ठेवा. घरी आई-वडिलांना सांगायला लाज वाटत असेल तर मावशीला सांगा, मित्राला सांगा, मला सांगा.

नापास न करता नुसतं बघणं म्हणजे कसं? मला जमत नाही.

माझं माहेर रेणापूर तालुक्यात. ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, २०१६ चा, तो आम्ही सगळ्यांनी काढलेला आहे. आमचे आण्णा रोज सकाळी उठून विहिरीवर जायचे, काठावर वाकून बघायचे, दोरीला दगड बांधून खाली सोडायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, 'दीड हात हाये अजून.' दुसऱ्या दिवशी, 'हातभर हाये.' मग त्याच्यावर ठरायचं की आज जनावरांना किती, घरात किती, टँकरच्या लायनीत कुणी उभं राहायचं. त्यांनी विहिरीला कधी नालायक म्हटलं नाही. आणि पाणी भरपूर आहे असं खोटंही कधी सांगितलं नाही. आहे तेवढं सांगायचे.

मी इन्ट्रोस्पेक्शन शिकवताना आता हेच सांगते, आण्णा विहिरीत डोकावायचे तसं डोकाव. डोकावणे हा आपला शब्द किती चांगला आहे बघा, डोकं घालून बघणं.

सायकॉलॉजीच्या पुस्तकात ही एक 'पद्धत' म्हणून दिलीय, ती काय?

बीएच्या पोरांचा प्रश्न. विल्हेल्म वुन्ट ह्यांनी १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ती जगातली पहिली मानतात. तिथं माणसाला एखादा आवाज ऐकवायचा, उजेड दाखवायचा आणि आत काय जाणवलं ते लगेच सांगायला लावायचं. त्यांचे विद्यार्थी टिचनर, ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि त्यांनी हे फारच कडक केलं. सांगणाऱ्याला आधी भरपूर सराव द्यायचे. वस्तूचं नाव घ्यायचं नाही, फक्त संवेदना सांगायची. म्हणजे समोर भाकरी ठेवली तर 'भाकरी' म्हटलं की चूक, गरम, खरखरीत, गोल, मधे करपलेला काळसर डाग, असं सांगायचं.

पण अडचण आली. एका प्रयोगशाळेतल्या लोकांना एक जाणवायचं, दुसरीतल्या लोकांना दुसरंच, आणि बरोबर कोण हे ठरवणार कसं, दुसऱ्याच्या मनात घुसून तपासता तर येत नाही. १९१३ मध्ये जॉन वॉटसन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणाले की हे सगळं सोडा, माणूस काय करतो तेवढंच बघा, आत काय चाललंय त्याचा नाद नको. तिथून वर्तनवाद आला आणि इन्ट्रोस्पेक्शन बरीच वर्षं बाजूला पडलं. त्याच्याही आधी विल्यम जेम्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १८९० मध्ये एक अडचण फार छान सांगितली होती, की मनाची चालती अवस्था पकडायला जाणं म्हणजे अंधार कसा दिसतो ते बघायला पटकन दिवा मोठा करण्यासारखं आहे. रागात असताना 'मला राग आलाय' हे बघायला गेलं की राग तोच राहत नाही. हे तुम्ही घरी करून बघू शकता.

मग आत बघून जे दिसतं ते खरं असतं का तरी?

अर्धं. मला ह्यातला एक प्रयोग फार आवडतो. १९७७ मध्ये निसबेट आणि विल्सन ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी छापलेलं आहे. दुकानात टेबलावर बायकांच्या मोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि गिऱ्हाइकांना विचारलं ह्यातला चांगला कुठला. लोकांनी उजवीकडच्या टोकाचा जोड जास्त निवडला, डावीकडच्या टोकाच्या मानानं जवळपास चौपट. कामून निवडला विचारलं तर म्हणाले, विणकाम चांगलंय, कापड मऊ आहे. चारी जोड सारखेच होते! आणि तुम्ही जागेमुळं निवडला का असं विचारलं तर लोक नाहीच म्हणाले.

म्हणजे आपण काय निवडलं, काय वाटलं हे आपल्याला कळतं, पण का वाटलं ह्याचं कारण मन बऱ्याचदा तिथल्या तिथं बनवून देतं आणि आपल्याला ते खरंच वाटतं. ही खोटं बोलण्याची गोष्ट नाही. म्हणून मी त्या पोरीच्या वहीनंतर पोरांना 'का' लिहायला सांगणं जवळपास बंद केलं. 'मार्क का कमी पडले' विचारलं की उत्तर 'मी आळशी' असं तयारच असतं. 'पेपर हातात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय झालं' विचारलं की पोरगं थांबतं, आठवतं, आणि खरं काहीतरी सांगतं.

त्यातल्याच विल्सन ह्यांचा २०१४ चा प्रयोग पण ऐका. माणसाला पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं, मोबाईल नाही, पुस्तक नाही, फक्त एक बटण, दाबलं तर हलका शॉक बसतो. आधी हेच लोक म्हणाले होते की हा शॉक टाळायला आम्ही पैसे देऊ. तरी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत बटण दाबलं. म्हणून पोरगं दहा मिनिटं शांत बसू शकत नसेल तर त्याला रागवू नका, ते मोठ्यांनाही अवघड जातं.

ठीक आहे, पण करायचं कसं? स्टेप्स सांगा.

स्टेप्स नाही सांगत, मी काय करते ते सांगते. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर बसते, वही असते, मोबाईल खालीच. दिवसातला एकच प्रसंग घेते, आख्खं आयुष्य नाही. समजा एका पालकावर आवाज चढला. आधी नुसतं घडलं ते लिहिते, कोण काय बोललं, मी कुठं उभी होते. मग अंगात काय झालं ते, कान गरम झाले, आवाज फाटला. मग त्या वेळी मनात कुठलं वाक्य आलं ते, जसं आलं तसं, घाण असलं तरी. बस. 'मी वाईट' 'ते वाईट' असं वाक्य आलं तर त्याच्याखाली रेघ मारते, म्हणजे मला कळतं की हे बघणं नाही, हा निकाल आहे. पंधरा मिनिटांच्या वर बसत नाही. बऱ्याचदा काहीच दिसत नाही. अजिंठ्याला गेला असाल तर आठवा, उन्हातून एकदम लेणीत शिरलं की सगळा काळोख, दोन मिनिटं तसंच उभं राहिलं की मग हळूहळू भिंतीवर चेहरे दिसायला लागतात. चित्रं तिथंच असतात, डोळ्याला वेळ लागतो.

आणि मार्क चांगले आले, एखादं काम मस्त झालं, त्या दिवशी पण बसा. आनंदात आत काय होतं ते आपण जवळपास कधीच बघत नाही.

म्हणजे हे ध्यानच झालं ना? विपश्यना?

जवळचे नातेवाईक आहेत पण एक नाहीत. विपश्यनेत पण तेच 'पश्य' आहे, नीट बघणं, इगतपुरीला दहा दिवसांचा मौन कोर्स असतो, त्यात आधी श्वास बघायला लावतात आणि मग अंगावरच्या संवेदना. तिथं विचार आला तर त्याच्या मागं जायचं नाही, श्वासाकडं परत यायचं. इन्ट्रोस्पेक्शनमध्ये विचार आला तर त्याचाच धागा धरून बघायचं असतं. कुणाला काय सोसतं ते ज्याचं त्यानं बघावं.

कॉम्प्युटरच्या सिलॅबसमध्ये पण हा शब्द आलाय, तिथं काय संबंध?

चालू असलेल्या प्रोग्रामनं स्वतःलाच विचारायचं, माझ्या हातातली ही वस्तू कुठल्या टाईपची आहे, हिच्यात कुठले गुण आणि मेथड आहेत. पायथॉन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'टाईप' आणि 'डिर' ही फंक्शन त्यासाठीच आहेत. त्याच्याच जोडीचा दुसरा शब्द रिफ्लेक्शन, म्हणजे त्याच्या एक पाऊल पुढं, नुसतं बघायचं नाही तर चालू असताना बदलता पण येतं. शब्द एकदम चपखल उचललाय त्यांनी, मला आवडतो, कारण तिथं पण इन्ट्रोस्पेक्शन म्हणजे नुसती माहिती, 'तू चुकीचा टाईप आहेस' असं पायथॉन म्हणत नाही.

इंटरव्ह्यूला 'आय अॅम अॅन इन्ट्रोस्पेक्टिव्ह पर्सन' म्हणू का?

म्हणा, पण पुढच्याच वाक्यात उदाहरण पाहिजे. मोठा शब्द एकटा सोडला की समोरचा साहेब त्यालाच धरतो. 'मला कुणी मधेच तोडलं की मी गप्प होते हे माझ्या लक्षात आलं, आता मी एक वाक्य पूर्ण करायची सवय लावतेय', हे साध्या इंग्रजीत सांगता आलं तर तो शब्द नाही वापरला तरी चालतो.

गावाकडं आजी-आजोबांना समजावून सांगायचं असेल तर?

त्यांना समजावायची गरज नाही, त्यांच्याकडं शब्द आहेत. माझे आजोबा निजामाच्या काळात शिकलेले, तेव्हा आपल्याकडं शाळेत उर्दू होती, १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मोकळा होईपर्यंत. ते म्हणायचे 'गिरेबान में झाँको', गिरेबान म्हणजे सदऱ्याचा गळा, मान खाली घालून स्वतःच्याच सदऱ्यात बघ. पण तेही भांडणातच म्हणायचे, त्यालाही दोषाचा वास आहे. समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे, त्यांनी तर मनाला समोर बसवून, मनालाच हाका मारून श्लोक लिहिले, गावोगावी आजही पाठ असतात. आणि माझी आजी, तिला कुणीही काहीही विचारायला आलं, सुनेचं भांडण असो की जमीन विकायची असो, ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, 'तुझ्या मनाला इचार, अन् ते काय म्हंतंय ते गप ऐक.' ह्यातला 'गप ऐक' हा भाग मी इंग्रजीच्या कुठल्याच डिक्शनरीत वाचला नाही. आजोबांना सांगायचं तर 'मनाला इचारणं' म्हणा, एका मिनिटात कळेल.

पोरं इन्ट्रोस्पेक्शनची वही लिहितात, ती आम्ही पालकांनी बघायची का?

नाही. तुम्ही बघणार हे माहीत असलं की पोरगं तुमच्यासाठी लिहितं, आणि तुमच्यासाठी लिहिलेलं म्हणजे परत परीक्षाच झाली. मी स्वतः त्या पोरीनंतर वह्या गोळा करणं बंद केलं. आता बॅचला सांगते की पंधरा मिनिटं लिहा, शुद्धलेखन बघणार नाही, वाचणारही नाही, वाटलं तर फाडून टाका, आणि मी पण समोर खुर्चीवर बसून माझ्या वहीत लिहिते. लाल पेन त्या वेळी टेबलावर नसतो.